फलश्रुतीआधी मिटलेली पोथी

वर्गात गोष्ट वाचताना गुरुजी शेवटच्या परिच्छेदाआधी थांबत. पुस्तक मिटत, चष्मा काढून खिशात ठेवत आणि म्हणत, "झाली गोष्ट. पाट्या काढा."

त्या काळच्या क्रमिक पुस्तकांतल्या नीतिपाठांची घडण ठरलेली होती. गरीब गुराख्याला वाटेत राणीचं कंकण सापडे. तो ते घेऊन चार कोस चालत राजवाड्यात जाई आणि राजा खूश होऊन त्याला गाव इनाम देई. गुरुजींच्या वाचनात गुराखी दारावरच्या शिपायाच्या हातात कंकण ठेवून गुरांकडे परत येई. राजा येतच नसे. तहानेल्या म्हातारीला पाणी पाजणाऱ्या मुलीचीही एक गोष्ट होती. पुस्तकात म्हातारी देवी निघायची आणि मुलीची मातीची घागर सोन्याची व्हायची. आमच्या शाळेत म्हातारी पाणी पिऊन पुढच्या गावाला निघून जायची.

मुलं घरी जाऊन पुढचं वाचतील, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून शाळेतल्या एकूण एक पुस्तकात अशा पाठांच्या शेवटावर त्यांनी कोऱ्या कागदाची पट्टी चिकटवली होती. चिकटवायला भाताची खळ. धानाच्या मुलखात तिला पैसा पडत नसे. दर वर्षी नवी पुस्तकं आली की सुटीच्या दिवशी ते ओसरीवर खळीचं भांडं घेऊन बसत आणि संध्याकाळपर्यंत बक्षिसं बुजवत.

त्याचा परिणाम उलटा झाला. मुलं पान उन्हासमोर धरून पट्टीतून आरपार वाचत. पाढे येत नसलेल्या मुलालाही बक्षिसं तोंडपाठ असत. हे मी एकदा गुरुजींना सांगितलं.

"चोरून वाचतात ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग त्यात काही लाजण्यासारखं आहे, एवढं तरी त्यांना कळलं."

मी त्या शाळेत दोन वर्षं दुसरा शिक्षक होतो. तिसरा नव्हता. गाव वैनगंगेच्या मूल गावाकडच्या काठावर, मार्कंड्याच्या देवळांच्या वरच्या अंगाला. नदी ओलांडली की गडचिरोलीकडचं रान सुरू होई. गडचिरोली तेव्हा चांदा जिल्ह्यातली एक तहसील होती आणि नागपूर आमच्या राज्याची राजधानी होती. शाळा जनपद सभेची, म्हणजे तहसिलीच्या स्थानिक मंडळाची, दोन खोल्यांची. मी चोवीस वर्षांचा होतो आणि नागपूरच्या एका दैनिकाला टपालाने बातम्या पाठवत असे. त्याबद्दल अंक फुकट येई. अंक दोन दिवस शिळा असे. गुरुजी तो आधी वाचत आणि अग्रलेखाचाही शेवट सोडून देत, असा माझा संशय होता.

त्यांनी कधी कोणाला शाब्बास म्हटल्याचं मी ऐकलं नाही. गणित बरोबर आलं तर ते पुढचं गणित घालत. चुकलं तर मुलाशेजारी जमिनीवर बसत आणि बरोबर येईपर्यंत उठत नसत. त्यामुळे काही मुलं मुद्दाम चुकत. कोणी "गुरुजी, उपकार झाले" म्हटलं, तर ते विचारत, "मग परत घेऊ का?"

लोक दारू पिणं लपवतात तसं ते चांगलं काम लपवत. हिवतापाच्या दिवसांत सकाळी फिरायला निघाले की ज्या घरातून कण्हणं ऐकू येई, त्या घराच्या ओट्यावर कुनैनच्या गोळ्यांची पुडी ठेवून पुढे जात. पुडीवर देणाऱ्याचं नाव नसे. किती गोळ्या, कधी घ्यायच्या, एवढंच असे. अक्षर सगळं गाव ओळखे, कारण गाव त्याच अक्षरात शिकलेलं होतं. तरी कोणी बोलत नसे. बोललं की पुढच्या वर्षी पुडी येत नाही, असा समज होता.

त्यांचा आवाज स्वच्छ होता. म्हणून एका श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी वाचायला त्यांना बसवलं. महिनाभर त्यांनी ती नेमाने वाचली. शेवटच्या दिवशी देऊळ भरलं होतं, नारळ पुढ्यात ठेवले होते. शेवटचा अध्याय संपला, फलश्रुती तेवढी राहिली होती आणि गुरुजींनी पोथी मिटून फडक्यात बांधली.

पाटलीणबाई सगळ्यांत पुढे बसल्या होत्या. म्हणाल्या, "गुरुजी, फळ राह्यलं."

"ते वाचायचं नसतं."

"काऊन? महिनाभर मांड्या दुखवल्या आमी."

"ऐकायला बसलात ना?"

"ऐकून झालं. आता काय भेटन ते सांगा."

हशा झाला. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "काय भेटेल ते ठरवून ऐकलं, तर तो बाजार झाला."

"बाजारात जाणारे काय वाईट असतात, गुरुजी? मी बी जातो शुक्रवारी."

शेवटी पुजाऱ्याने पोथी सोडली आणि पुत्र, धन, आरोग्य, मोक्ष असं सगळं दोन मिनिटांत वाचून टाकलं. नारळ फुटले. गुरुजी तोवर पायरीवर बसून आपल्या चपला शोधत होते. पुढच्या श्रावणात त्यांना बोलावलं गेलं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं. वाचायला आवडत होतं, असं मला म्हणाले.

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. आम्ही संध्याकाळी घाटावर बसलो होतो. त्यांच्या टेबलाच्या खणात एक खिशातलं घड्याळ असे. चांगलं, रुपेरी झाकणाचं, पण ते त्याला कधी चावी देत नसत. शाळेची घंटा उन्हावरून होई. मी घड्याळाबद्दल विचारलं.

"मामाचं," ते म्हणाले. "मामा वर्षभर अंथरुणाला खिळून होता. मी त्याचं सगळं केलं. बारा वर्षांचा होतो. पहिल्याच आठवड्यात मामी म्हणाली, नीट सेवा केलीस तर घड्याळ तुला. मामा गेला, घड्याळ आलं."

ते पुढे बोलतील म्हणून मी थांबलो.

"मी मामाचं केलं की घड्याळाचं, हे मला अजून कळलेलं नाही. मामी ते वाक्य बोलली नसती तर कळलं असतं."

त्यांच्या विचाराला एवढाच पाया होता. ग्रंथातून आलेला असता तर त्यावर वाद घालता आला असता.

वारलू हा त्या घाटावरचा डोंगेवाला. झाडाचं खोड कोरून केलेला त्याचा स्वतःचा डोंगा होता. तो आणि त्याची बायको गिरजा नदीला लागून राहत. वयाने तिशीचा, बोलणं कमी. भादव्यातल्या एका बाजाराच्या दिवशी दुपारी पलीकडून दुसऱ्या एकाचा डोंगा त्याच्यासकट सात माणसं घेऊन येत होता. त्यात गुरुजी होते. पुराच्या पाण्याने वरच्या कुठल्यातरी डेपोतलं सागाचं लाकूड वाहून आणलं होतं. ते मधल्या धारेत डोंग्याला आडवं लागलं आणि डोंगा उलटला. डोंगेवाला आणि एक तरुण पोहून बाहेर आले. पलीकडच्या गावचा एक म्हातारा वाहून गेला, तो दोन दिवसांनी मार्कंड्याच्या वळणावर सापडला. उरलेल्या चौघांना वारलूने काढलं. तो अलीकडच्या काठावर जाळं दुरुस्त करत बसला होता. तीनदा पाण्यात गेला. शेवटच्या खेपेला गुरुजींना धोतराच्या सोग्याला धरून आणलं.

बाजारामुळे शाळेला सुटी होती, तरी मी शाळेत होतो. धावत घाटावर गेलो तेव्हा गुरुजी उपडे पडून पाणी ओकत होते. जरा वेळाने उठून बसले. वारलूकडे बराच वेळ पाहिलं. उठून घरी गेले. वाचलेल्यांत बांगड्या विकणारे हमीदभाई होते. ते वारलूचे दोन्ही हात धरून रडत होते. बांगड्यांची पेटी नदीत गेली होती, तरी तिसऱ्या दिवशी कुठून तरी डझनभर हिरव्या बांगड्या आणून त्यांनी स्वतः गिरजाच्या हातात भरल्या. म्हणाले, "बाई, माह्या जिवाची किंमत एवढीच नाई. पन आज एवढंच हाये." गिरजाने त्या आनंदाने घेतल्या. गुरुजींना ते आवडलं नाही.

बातमी मी त्याच संध्याकाळी लिहिली. गुरुजी कोरडं धोतर नेसून शाळेत आले, माझ्या मागे उभे राहून त्यांनी कागद वाचला आणि म्हणाले, "वारलूचं नाव काढा."

"बातमीत नाव लागतं."

"मेलेल्याचं लागतं. वाचवणाऱ्याचं कशाला? उद्या कोणी बुडत असेल, तर वारलू आधी पेपरकडे बघेल आणि मग उडी मारेल."

मी नाव काढलं. 'एका स्थानिक नावाड्याने प्रसंगावधान राखून चौघांना वाचविले,' असं लिहिलं. सात ओळी, तिसऱ्या पानावर आल्या. पुढे तीस वर्षं मी नव्या बातमीदार मुलांना शिकवत आलो, की आधी नाव, मग वय, मग गाव. हे मला कोणी शिकवलं, असं ते विचारत. मी सांगत नसे.

दिवाळीनंतर कळलं, की जनपद सभा त्या घाटावर मोठी नाव घालणार आहे आणि तिच्यावर पगारी नावाडी ठेवणार आहे. नाव सुरू झाली की खासगी डोंगे बंद. म्हणजे वारलूला एक तर ती जागा मिळणार होती, नाही तर घाट सुटणार होता. अर्ज दोन आले होते. दुसरा उमेदवार खालच्या गावचा, पाण्यात तरबेज, त्याच्याकडे लाकडाच्या ठेकेदाराची चिठ्ठी होती. वारलूकडे काही नव्हतं. सभेच्या सचिवांनी त्याला नीट समजावून सांगितलं, की जीव वाचवणाऱ्याला पहिला मान आहे, पण तसं लेखी हवं. स्वतः पाहिलेल्या, लिहिता येणाऱ्या माणसाचं. हमीदभाई अंगठा द्यायला तयार होते. अंगठा चालत नव्हता. "नाही तर पेपरातलं कात्रण आणा," सचिव म्हणाले. "तुझं नाव असलेलं."

लिहिता येणारा आणि त्या डोंग्यात असलेला माणूस एकच होता.

गिरजा आणि वारलू शाळा सुटल्यावर आले. गुरुजी ओसरीवर होते, मी वह्या तपासत होतो. वारलू पायरीखाली उभा राहिला. बोलली गिरजाच.

"गुरुजी, दोन ओळी द्या लिवून. तुमी पाण्यात होते, ह्यायनं काढलं. एवढंच."

"ते खरं आहे."

"मंग खरंच लिवा ना. खोटं लिवा कोन म्हणून राह्यलं?"

"लिहिलं की ते तसं राहणार नाही, बाई." मग ते वारलूकडे वळले. "तू उडी घेतलीस तेव्हा ही जागा निघाली होती का?"

"नाई जी."

"मी कोण आहे हे दिसलं होतं?"

"टक्कल दिसलं जी."

मी हसलो. गुरुजीही किंचित हसले. गिरजा हसली नाही.

"मग ऐक," गुरुजी म्हणाले. "या गावात कोणाकडे जमीन आहे, कोणाकडे बैल आहेत, कोणाकडे ठेका आहे. तुझ्याकडे जे आहे ते कोणाकडेच नाही. माझ्याकडेही नाही. मी आयुष्यभर शोधतो आहे. तू काही न मागता, न ओळखता चार माणसं काढलीस. ते मोडून नोकरी घेणार आहेस?"

वारलूने मान खाली घातली होती. त्याच्याशी इतकं कोणी कधी बोललं नसावं. तो म्हणाला, "मले काय कळते जी. गुरुजी म्हणतात तं तसंच असन."

गिरजा त्याच्याकडे वळली. "पुण्य तुमचं, अन् चूल माही. तिच्यावर काय शिजवू ते बी इचारून घ्या गुरुजीले." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "अन् तुमी, मास्तर? पेपरात तं तुमीच लिवलं होतं."

"मी पाहिलं नव्हतं," मी म्हणालो.

ते खरं होतं. पण डोंग्यातल्या माणसांच्या तोंडून ऐकून मी बातमी लिहिली होती आणि गुरुजींच्या सांगण्यावरून नाव काढलं होतं. दैनिकाला दोन ओळींचा खुलासा पाठवणं माझ्या हातात होतं. आठ दिवसांत नावानिशी छापून आला असता. कागद घेऊन बसलोही. पाठवला नाही. गुरुजींच्या भीतीने पाठवला नाही, असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला त्यांचं म्हणणं पटलं होतं. गुरुजी मला फार मोठे वाटत होते, आणि वारलू त्या दिवशी ओसरीखाली उभा होता तो एखाद्या गोष्टीतल्यासारखा दिसला होता. गोष्टीतल्या माणसाला घर असतं हे चोविसाव्या वर्षी ध्यानात येत नाही. तत्त्व त्यांचं, शोभा मला दिसत होती, आणि ते पाळायचं होतं वारलूला.

पौषात मोठी नाव आली. खालच्या गावच्या माणसाने ती चांगली चालवली. त्याच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, आजही माझी नाही. वारलूचा डोंगा काठावर पालथा पडून राहिला. पुढे तो एका शेतकऱ्याने नेला आणि गोठ्यात गुरांना पाणी पाजायची डोणी म्हणून ठेवला. होळीच्या आधी नवरा-बायको बल्लारशाच्या बाजूला गेले. वारलू तिकडे कोळशाच्या खाणीत उतरतो, अशी खबर हमीदभाईंनी आणली. खबर सांगताना ते शाळेच्या पायरीवर बसले होते. गुरुजींना उद्देशून एवढंच म्हणाले, "नदीचा मानूस, गुरुजी. जमिनीखाली."



दोन-तीन दिवसांनी मधल्या सुटीत गुरुजींनी मुलांना घंगाळभर पाणी आणायला सांगितलं. कपाटातली वाचनाची पुस्तकं काढली आणि ओसरीवर बसून ओल्या फडक्याने पट्ट्या भिजवायला सुरुवात केली. खळ पाण्याने सुटते. पट्ट्या सहज निघाल्या, पण बऱ्याच पानांवर छापलेली अक्षरं पट्टीबरोबरच निघून आली. खाली पांढरं, खरवडल्यासारखं काही उरलं. गुरुजींनी चार-पाच पुस्तकं करून पाहिली. सगळीकडे तेच.

सुटी संपल्यावर त्यांनी वर्गात गुराख्याची गोष्ट काढली. शिपायाच्या हातात कंकण देईपर्यंत वाचली आणि नेहमीच्या जागी आले. मुलांनी सवयीने पाट्या काढल्या. गुरुजी पान डोळ्यांजवळ नेऊन पाहत होते.

"पुढे काय होतं रे?" त्यांनी विचारलं.

ही परीक्षा आहे असं मुलांना वाटलं. मग मागून एक जण म्हणाला, "गाव इनाम, गुरुजी."

"बरं. आणि?"

"पाच गाई."

"अन् शेला. जरीचा."

"राजा त्याले जवळ बसवते, गुरुजी. पंगतीत."

"बरं," गुरुजी म्हणाले. "आणखी?"

मुलं उठून उभी राहून सांगू लागली. सोन्याची घागर, विहीर, बैलजोडी. वर्गात इतका उत्साह मी कधी पाहिला नव्हता. गुरुजी उभ्याने ऐकत होते आणि प्रत्येकाला 'बरं' म्हणत होते. मी दुसऱ्या खोलीच्या दारात होतो. त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं तेव्हा त्यांनी पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन दिवसांची रजा मागितली. नोकरीतली पहिली रजा, असं रजेच्या वहीवरून दिसत होतं. कुठे जाता, असं मी विचारलं नाही. परत आले तेव्हा पायाला फोड होते. त्यानंतर घड्याळाला ते रोज चावी देऊ लागले. घंटा वेळेवर होऊ लागली. त्यांच्यातला बदल मी पाहिला तो एवढाच.

त्या उन्हाळ्यात मी नोकरी सोडून त्या दैनिकात शिकाऊ म्हणून गेलो. मधे राज्य बदललं, आमची राजधानी मुंबई झाली. गुरुजी निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत गेले. हमीदभाईंनी कोणाकडून तरी लिहवून पोस्टकार्ड पाठवलं. निधनाची दोन ओळींची बातमी मीच लावली. तिच्यात नाव होतं. इथे मी ते देत नाही. त्यांच्या सांगण्यावरून मी एक नाव गाळलं होतं. या खेपेला त्यांचं गाळतो आणि वारलूचं ठेवतो. उशीर झाला आहे, हे मला कळतं.

पन्नासचं दशक संपायच्या सुमाराला एका कामासाठी बल्लारशाला गेलो. काम सकाळीच संपलं. गाडीला वेळ होता. खाणीच्या वस्तीत वारलूची चौकशी केली, घर सापडलं. वारलू पाळीवर होता, संध्याकाळशिवाय वर येणार नव्हता. गिरजाने मला ओळखलं. बाज टाकली, चहा ठेवला. हातात हिरव्या बांगड्या होत्या, त्या त्याच की दुसऱ्या, ते विचारलं नाही.

"गुरुजी गेले म्हणते," ती म्हणाली.

"हो."

"आले होते इथी. आमी आलो त्याच साली. ठेसनावरून पायी. ह्यायच्या पुढ्यात घड्याळ ठेवलं. घे म्हणे वारलू."

"मग?"

"ह्यायनं घेतलं नाई. म्हणे, गुरुजी, तुमीच सांगतलं, माह्याजवळ हाये ते कोनाजवळ नाई. गाव गेलं, नदी गेली, डोंगा गेला. हे घड्याळ घेतलं तं माहं काय राह्यलं?" तिने चहा कपात ओतला. "गुरुजी इथीच बसले होते, तुमी बसले तिथी. लय वेळ बसले. मंग घड्याळ घेऊन गेले. जाताना हे देल्लं."

तिने पत्र्याच्या पेटीतून घडी केलेला कागद काढला. घड्यांवर तो फाटत आला होता. "मले वाचता येत नाई. ह्यायले बी नाई. चार साहेबायले दाखवला. अर्धा वाचतात अन् परत देतात. म्हणतात, बाई, हे खान हाये, इथी डोंगा कुठी चालवतं? तुमी वाचा."

अक्षर ओळखीचं होतं. मी मोठ्याने वाचलं. खाली सही करणार, वय, हुद्दा, गाव. मग बाजाराचा तो दिवस, दुपारची वेळ, सागाचं लाकूड, सात माणसं. वारलू वल्द डोमाजी याने तीन वेळा पुरात जाऊन चौघांस काढले, त्यांत मी स्वतः होतो. त्याने कोणास ओळखले नाही व काही मागितले नाही. हे मी वेळेवर लिहून दिले नाही, तो दोष माझा. नदीवरील कोणत्याही कामास असा मनुष्य मिळणार नाही. तरी त्यास जागा द्यावी.

सही तिथे असायला हवी होती. पण तिथे सही नव्हती. खाली आणखी मजकूर होता, जरा बारीक अक्षरात.

'जो अधिकारी हा कागद शेवटपर्यंत वाचून यास काम देईल, त्याच्या घरी धनधान्य राहील. त्याची मुलेबाळे सुखी होतील. त्याचे गेलेले परत मिळेल. जो नुसता शेवटपर्यंत वाचील, त्याचेही कल्याण होईल.'

त्याखाली सही.

गिरजा ऐकत होती. "झालं?"

"झालं."

"एवढं लांब हाये ते मले ठाऊक नव्हतं. कोनी वाचलंच नाई." तिने कागद माझ्या हातातून घेतला, जुन्या घड्यांवरच मिटला आणि पेटीत ठेवला. मग म्हणाली, "पेपरात तुमी लिवलं होतं, एका नावाड्यानं. हमीदभाईनं वाचून घेतलं होतं कोनाकडून तरी."

मी कप उचलला.

"तुमी वाचला पुरा," ती म्हणाली. "गुरुजीनं लिवलं हाये तं होईन तुमचं भलं."

टोमणा होता की आशीर्वाद, हे तिच्या आवाजावरून सांगता येत नव्हतं. मी चहा संपवला आणि स्टेशनवर आलो. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला उपसंपादकाच्या जागेवर मी कायम झालो.